अंगठी

मिशनच्या दवाखान्यात, आयोडिनच्या कपाटावर
तो टांगलेला असायचा.
लाल मखमल, मांडीवर मांजरासारखा निजलेला हात,
बोटात अंगठी, आणि कमरेला
आम्हा पोरांना कधी कळलं नाही,
माळ की तलवार.
हनुवटी लासूरच्या आडत्यासारखी.
गाव म्हणे, निजामाचा कुणी तालुकदार असंल.
फादर ब्रूनोंनी गोणपाटात गुंडाळून आगबोटीनं आणलेला
त्यांच्या मुलखातला राजबिशप:
योहान उलरिक, आल्टनवेर्डचा.

वडील प्रचारक. रविवारी दिवेलागणीला
ओट्यावर कंदील ठेवून त्याची गोष्ट सांगत,
शिवनेपलीकडच्या एखाद्या पाटलाची सांगावी तशी.
"तिघं भाऊ. थोरल्याला गढी, मधल्याला घोडा,
धाकट्याच्या वाट्याला देव आला.
बाविसाव्या वर्षी कारभाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून बिशप केला.
मिस्सा म्हणता येत नव्हती त्याला,
वसुली येत होती.
रुपयाच्या एका अंगाला संत, दुसऱ्या अंगाला हा.
मिठावर पट्टी, जात्यावर पट्टी, शिकारीचे कुत्रे चाळीस.
लढाई आली तवा खजिना, संताची कवटी अन् कुत्रे
तीन नावांत घालून रातोरात नदीपार.
परतला तर शहरात पेटत्या चुली अकरा.
मग म्हटली पहिली मिस्सा, एक्कावन्नाव्या वर्षी.
हात असे कापले म्हणं,
अर्धा द्राक्षारस बाहीत गेला.
मेल्यावर काळीज काढून डोंगरातल्या मठात पुरलं,
धड राजधानीत."
येसूदास विचारायचा,
मास्तर, मग शेवटच्या दिशी उठंल कुठून?
वडील वात खाली करायचे.

मधलं एक पान ते सांगत नसत.

ते मला फार उशिरा मिळालं, फादरांच्या वहीत,
वैजापूरच्या सिस्टर ओटिलियांनी
चष्मा दोनदा पुसून वाचून दाखवलं:
गारपिटीच्या सालात, द्राक्षं झडली तेव्हा,
एकोणचाळीस बायांची यादी
न्याहारीच्या ताटाशेजारी आली
आणि त्यानं लाखेवर अंगठी दाबली.
एक सुईण, दोघी विधवा, एक आंधळी,
एक नऊ वर्षांची पोर.
लाकडाचा खर्च वारसांकडून.

तेव्हा मला ते साल आठवलं
ज्या साली बाजरीवर गोसावी पडला
आणि तीन घरांत बायांच्या अंगावर फुल्या उठल्या.
भानामती, म्हणालं गाव.
बोट रहेल आत्याकडे.
पंचांनी कागद केला, ही बाई शिवेत नको,
आणि आमच्या वस्तीतून एक सही मागितली.
वस्तीत लिहिणारा माणूस एकच.

रात्रभर दवाखान्यात कंदील होता.
सकाळी चित्राचं तोंड भिंतीकडे,
आत्या पहिल्या गाडीनं गेलेली,
तिची शेळी आमच्या दावणीला.

मी विचारलं नाही. आईनंही नाही.
पण त्यानंतर पगाराच्या रजिस्टरात, रेशनला,
माझ्या शाळेच्या दाखल्यावर,
ज्यानं आख्ख्या वस्तीला बाराखडी शिकवली
तो माणूस अंगठा उठवायचा.
कारकून म्हणे, मास्तर, थट्टा करता का गरिबाची?
वडील शाई धोतराला पुसत
आणि पावती घडी करून टोपीत ठेवत.

चित्र आता माझ्याकडे आहे.
मखमल वाळवीनं खाल्ली, कमरेचं जे काय होतं तेही.
हात शिल्लक आहे.

शेळी पुष्कळ जगली.
तिचं दूध आम्ही पोरं प्यायलो.
वडील कोरा चहा घेत.